खांब क्रमांक कळवावा

आमचे नामदेवमामा रोज संध्याकाळी सरकारला 'जेवलात का' म्हणून विचारायचे.

तोंडी नव्हे, मोबाइलवर. शहरातले रस्त्यावरचे दिवे सांभाळणारं एक सरकारी खातं आहे. नाव घेत नाही, मला अजून याच गावात अंधार पडल्यावर फिरायचं आहे. त्या खात्याचं सोशल मीडियावर एक पान आहे. तिथं नागरिकांनी तक्रारी लिहायच्या आणि खात्यानं उत्तरं द्यायची, अशी सोय आहे. नागरिक जे लिहितात ते घरात मोठ्यानं वाचण्यासारखं नसतं. कुणी खात्याची लाज काढतो, कुणी खात्याचे पूर्वज. आणि त्या धुरळ्यात मधेच मामांचा कन्नडमधला मजकूर असायचा: 'नमस्कार. ऊट आयता? आमच्या घरासमोरचा दिवा आज पण लागला नाही. हवेत गारवा आहे, सांभाळून राहा.'

ऊट आयता म्हणजे जेवण झालं का. म्हैसूरात हा प्रश्न रामरामासारखा वापरतात, उत्तराची कुणाला फारशी फिकीर नसते. मामांना असायची. मी एकदा त्यांना म्हटलं, मामा, दिवेलागणीला कुणाचं जेवण कसं झालेलं असेल? तर म्हणाले, "मी दुपारचं विचारतोय."

मामा सरस्वतीपुरममध्ये माझ्या समोरच्या घरात राहतात. खाली त्यांच्या मुलाचं, मंजूचं शिवणकामाचं दुकान आणि वर बिऱ्हाड. मी नोकरीच्या निमित्तानं साताऱ्याहून इथं आलेला उपरा. मामांचे पूर्वज कधी आले ते त्यांनाही सांगता येत नाही. घराण्यात विठ्ठल, कपाटात कात्र्या आणि तोंडात मराठी, एवढं घेऊन ते आले आणि तिन्ही टिकवून आहेत. त्यांच्या मराठीला कन्नडचं अस्तर आहे. माझं मराठी ऐकून पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "तुमचं छापलेलं हाय. आमचं शिवलेलं." आणि मग खुशीत येऊन मला 'तम्मा' करून टाकलं. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. माझे केस पांढरे व्हायला लागले होते, त्यामुळे मीही हरकत घेतली नाही.

त्यांचा आवडता शब्द 'सुम्मने'. सुम्मने म्हणजे उगीच, सहज, काही कारण नसताना. बाल्कनीत का उभे आहात? सुम्मने. बाजारात जाऊन काही न घेता का आलात? सुम्मने. मामांचा दिवस असा सुम्मनेंनी भरलेला असायचा. घर माणसांनी गच्च होतं, पण शाळांचे गणवेश, लग्नाचे ब्लाऊज यांत मुलगा आणि सून बुडालेले. मामा बोलायला गेले की मंजूच्या तोंडात टाचण्या असायच्या. तो नुसता "हूं" म्हणायचा. टाचण्या काढून झाल्यावर म्हणायचा, "अप्पा, वर बसा की आरामात." नातवंडांना मराठी कळतं म्हणतात. मामा त्यांना मराठीत मोठी गोष्ट सांगतात आणि ती इंग्रजीत 'ओके' म्हणतात.

त्यांना त्या पानावर लिहायला शिकवलं मीच. या विषयात मी स्वतःला जाणकार समजत असे. माझी पात्रता सांगतो. गल्लीतला फुटलेला फुटपाथ दाखवायला मी एकदा सरकारला फोटो पाठवला होता. सोबत कडक इंग्रजीत दोन परिच्छेद, नागरिकांचे हक्क वगैरे. तासाभरात उत्तर आलं: तक्रारीची नोंद घेतली आहे, दुरुस्ती करण्यात येईल, फोटोत फुटपाथवर उभी असलेली स्कूटर मालकानं कृपया हलवावी. स्कूटर माझी होती. नंबर स्वच्छ वाचता येत होता, कारण फोटो काढण्याआधी मी ती पुसली होती.

तर अशा तज्ज्ञानं मामांना खातं उघडून दिलं. मामांच्या घरासमोरच्या खांबावरचा दिवा बरेच दिवस बंद होता. मी म्हटलं, लिहा इथं. त्यांनी एका बोटानं, एकेक अक्षर टोचत, लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे. कृपया खांब क्रमांक आणि मोबाइल क्रमांक कळवावा. – र.'

हे शेवटचं 'र' मामांना फार भावलं. उत्तर देणाऱ्यानं आपल्या नावाचं पहिलं अक्षर टाकायचं, अशी त्या खात्याची पद्धत होती. मी म्हटलं, आता खांबाचा नंबर द्या, बुंध्याशी रंगवलेला असतो. मामा म्हणाले, देतो की. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं: 'नमस्कार र. ऊट आयता?'

खात्यानं परत खांब क्रमांक विचारला. मामांनी पाऊस कसा आहे ते सांगितलं. खात्यानं खांब क्रमांक विचारला. मामांनी गौरीच्या दिवशी ओळीतल्या सगळ्या दारांत दिवे लागले, हा एकच खांब उपाशी राहिला, असं कळवलं. खांब क्रमांक कळवावा. असे महिने गेले. मी ते सगळं माझ्या मोबाइलवर वाचत असे आणि ऑफिसात दोस्तांना दाखवून हसवत असे. एक म्हणाला, हे दोघं लग्न करणार बघ.

मग एकदा तिकडून चूक झाली. मामांनी नेहमीसारखं विचारलं आणि उत्तर आलं: 'आयतु सर. निम्मदु? – र.' झालं सर, तुमचं?

मामा रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. चपला दोन पायांत दोन वेगळ्या होत्या. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, "वाच." मी वाचलं. म्हणाले, "मोठ्यानं वाच." मी वाचलं. मग माझ्या बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून तिच्याकडूनही वाचून घेतलं. त्या दोन शब्दांवरून त्यांनी ठरवून टाकलं की ही एक मुलगी आहे, नाव रत्ना नाही तर रूपा, आणि ती घरापासून लांब राहून नोकरी करते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाव कुठलं म्हणून विचारलं, तर खरंच आलं: 'पिरियापट्टणच्या बाजूचं, सर. कृपया खांब क्रमांक कळवावा. – र.'

आणि यावर आमच्या मामांनी काय लिहावं? 'असं सगळ्यांसमोर सांगू नको, मुली. वरचे साहेब वाचतात, रागवतील. मी सुम्मने विचारलं.'

तेव्हापासून तिकडून पुन्हा फक्त छापील मजकूर यायला लागला. मामांची तक्रार नव्हती. त्यांना त्या 'र'मधूनही पुष्कळ कळायचं. उत्तर सकाळी आलं की म्हणायचे, पहिली पाळी दिसते. दोन दिवस आलं नाही तर म्हणायचे, गावाला गेली असेल, तंबाखूच्या कापणीचे दिवस, घरात हात लागतात की. एका रविवारी कुणा नागरिकानं खात्याला उद्देशून फार वाईट लिहिलं होतं, तेव्हा मामा दिवसभर अस्वस्थ होते. संध्याकाळी त्या शिव्यांच्या खाली त्यांनी लिहिलं: 'हे इथं काम करणारे लोक चांगले आहेत. माझ्या प्रत्येक तक्रारीला उत्तर देतात.' दिवा अर्थातच बंद होता.

आता माझ्या परोपकाराकडे येतो.

मला वाटायचं, मामांना खांबावरचा नंबर दिसत नसावा. नजर अधू, बुंधा काळोखात. एवढा साधा विचार करून मी गप्प बसलो असतो तर कुणाचं काही गेलं नसतं. पण मी एका सकाळी खांबाशी उकिडवा बसलो. नंबराच्या जागेवर एक जाहिरात चिकटवलेली होती. मंजूच्याच दुकानाची: शालेय गणवेश शिवून मिळतील. जाहिरात आणि दुकान यांत हाताचं अंतर. दुकानात उभा असलेला माणूसच ती वाचू शकला असता. मी मनात मंजूच्या धंद्याच्या अकलेची कीव केली आणि कागद नखानं खरवडला. खाली आणखी एक कागद निघाला, त्याखाली आणखी एक. वरच्याची खळ अजून ओली होती. गव्हाच्या पिठाची, घरी शिजवलेली. इतकं सगळं हाताला लागूनसुद्धा माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी हात धुतले, नंबर वाचला आणि मामांच्या तक्रारीखाली माझ्या मोबाइल क्रमांकासकट लिहून टाकला.

तिसऱ्या दिवशी शिडीची गाडी आली. दोन माणसं वर चढली, जुना दिवा काढला, नवा लावला. संध्याकाळी तो असा काही लागला की माझ्या घरातल्या भिंतीवरचे डागसुद्धा दिसायला लागले. गल्लीनं माझं कौतुक केलं. मंजू दुकानातून बाहेर येऊन, टाचण्या काढून, "छान केलंत सर" म्हणाला. पानावर उत्तर आलं: 'आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. तक्रार बंद करण्यात येत आहे. धन्यवाद. – र.'

मी शाबासकी घ्यायला मामांकडे गेलो. ते बाल्कनीत बसले होते. त्या पांढऱ्या उजेडात त्यांचा चेहरा फोटोतल्यासारखा दिसत होता. म्हणाले, "चांगलं झालं की." सुनेला सांगून मला कॉफी दिली. मी नंबर कसा शोधला ते सविस्तर सांगितलं, कागद खरवडल्याचंही. मामा म्हणाले, "नखं दुखली असतील." त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटाच्या पेरांना पीठ वाळून चिकटलेलं होतं. तेव्हा कुठं मला कळलं. मी कप खाली ठेवला.

"मामा," मी म्हटलं, "मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? दिवा नको म्हणून सांगू काय?" ते म्हणाले.

मग खालची स्कूटरींची ये-जा बघत ते आपणहून बोलायला लागले. मामा मेटगळ्ळीच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले एवढंच मला ठाऊक होतं. घराणं शिंप्यांचं, तेव्हा तिथंही कापडाचंच काही करत असतील असं मी धरून चाललो होतो. ते तिथं टेलिफोन ऑपरेटर होते. कारखान्यात येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्याकडे यायचा. स्टोअरला द्या, साहेबांना द्या, गेटला द्या. उशीर झाला की शिव्या कारखान्याला, पण ऐकायच्या मामांनी.

"सगळ्यांचा आवाज मला ठाऊक," ते म्हणाले. "कुणाची आई आजारी, कुणाचं लग्न मोडलं, आवाजातच कळायचं. माझा आवाज कुणाला ठाऊक नाही. रिटायर झालो तर माझ्या जागी दुसरा बसला. फोन करणाऱ्या एकाला पण कळलं नाही, तम्मा. कुणी म्हटलं नाही, आज वेगळा आवाज हाय." मग म्हणाले, "मी तिथं असताना कुणी विचारलं नाही मला, जेवलास काय म्हणून. म्हणून मी हिला विचारत होतो. आणि ती बघ की, उलटं विचारली. तुमचं झालं काय, म्हणून."

मी आयुष्यात अनेक घोटाळे केले आहेत, पण एवढा उजेड पाडणारा हा पहिलाच.

भरपाई करायची म्हणून मी सुचवलं, नवीन तक्रार करू. मामा म्हणाले, कशाची? खोटी नको. पोरगी कुणाला तरी शिडी घेऊन पाठवणार, तो माणूस येऊन बघणार, दिवा चालू. बोलणी तिला. मग मी माझी बालपणीची नेमबाजी आठवून म्हटलं, दगड मारू का दिव्याला, मग तक्रार खरीच होईल. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातला नसलेला दगड खाली ठेवला.

शेवटी तडजोड अशी निघाली की खरा बंद दिवा शोधायचा. दिवेलागणीला मी मामांना स्कूटरवर मागं बसवायचं आणि हिंडायचं. ज्या गावात रविवारी अख्खा राजवाडा दिव्यांनी उजळतो, त्या गावात आम्ही दोघं विझलेला एक दिवा शोधत फिरत होतो. कुक्करहळ्ळीच्या तळ्याकाठी सगळे चालू. बाजारात चालू. गल्लीबोळांत चालू. सरकार इतकं कार्यक्षम असल्याचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. एका वळणावर एक काळा खांब दिसला तसे मामा मागून माझा खांदा दाबून म्हणाले, "थांब, थांब." आम्ही उतरलो. मामांनी मोबाइल काढला, चष्मा पुसला, वाकून खांबाचा क्रमांक स्वतः वाचला. फोटो घ्यायला हात वर केला आणि डोक्यावरचा दिवा दोनदा लुकलुकून लागला. मामा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चल घरी. शाणा दिवा हाय."

त्यानंतर त्यांनी हिंडणं सोडलं. संध्याकाळी बाल्कनीत मोबाइल घेऊन बसायचे, पान उघडायचे आणि ती इतरांना काय काय लिहिते ते वाचायचे. जयनगरच्या कुणाला खांब क्रमांक विचारला. कुवेंपुनगरच्या कुणाला धन्यवाद दिले. स्वतः काही लिहायचे नाहीत. मी विचारलं, नुसतं जेवलात का एवढंच लिहा की, त्याला तक्रार कशाला लागते? म्हणाले, "काम नसताना ऑपरेटरला फोन कराचा नसतो. लाइन अडते."

आणि एका शनिवारी संध्याकाळी, मी स्कूटर धूत असताना, मला फोन आला. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज, कन्नडमधून: आपल्या दिव्याच्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आपण समाधानी असाल तर एक दाबा. समाधानी नसाल तर दोन दाबा, आपली तक्रार पुन्हा उघडण्यात येईल आणि आमचे कर्मचारी आपल्याशी संपर्क साधतील. हे पुन्हा ऐकण्यासाठी तीन दाबा.

मी तीन दाबला आणि साबणाच्या हातानं रस्त्यावर धावत सुटलो. जिन्यात पुन्हा तीन दाबला. दुकानातून मंजू विचारत होता काय झालं म्हणून. वर पोचेपर्यंत त्या बाईनं मला समाधानाबद्दल इतक्या वेळा विचारलं होतं की लग्नाच्या इतक्या वर्षांत घरी कुणी विचारलं नसेल.

मामांच्या हातात मी फोन दिला, स्पीकर चालू करून. म्हटलं, मामा, दोन दाबा. दोन दाबलं की तक्रार परत उघडते. उद्यापासून ती परत लिहील तुम्हाला. पुढचं मी बघतो, दिवा अधूनमधून जातो म्हणून सांगू.

मामांनी सगळं ऐकलं. डोळे मिटून ऐकलं, जसे ते आयुष्यभर ऐकत आले असतील. मग तीन दाबून परत ऐकलं. त्यांचं बोट दोनवर गेलं आणि तिथं थांबलं. मला वाटलं, दाबलंच.

"दोन दाबलं तर कुणाला लागतं ते?" त्यांनी विचारलं.

"कुणाला म्हणजे? खात्याला."

"खात्याला काय लागत नाही, तम्मा. वरचा साहेब विचारणार, ही तक्रार बंद कुणी केली? खाली अक्षर तर तिचंच हाय की."

मी म्हटलं, एवढं कोण बघतंय. समोर दिवा लागला होता. त्याच्या उजेडात खाली मंजू बाहेर येऊन कुणाच्या तरी गणवेशाचा रंग ताडून बघत होता. मामा तिकडे बघत होते. मग त्यांनी बोट बाजूला घेतलं आणि एक दाबला, सावकाश, नीट बघून.

बाईनं धन्यवाद दिले. फोन बंद झाला. मामांनी तो लगेच मला दिला नाही. त्यांनी आपल्या धोतराच्या सोग्यानं माझ्या हाताचा लागलेला साबण त्यावरून पुसला, काच उजेडात धरून बघितली, परत पुसली.

"तिला कळेल काय," ते म्हणाले, "एक दाबणारा मी होतो म्हणून?"

तक्रारीवरचा मोबाइल नंबर माझा होता. ते त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "कळेल की, मामा."

त्यांनी मान हलवली आणि फोन माझ्या हातात ठेवला.